पाचवी काच

रात्री अडीच वाजता यास्ना पाचवी काच सरकवते.
निळी झाली, हिरवी झाली, तांबडी, तिच्या पुढची,
आता डोळ्याला न दिसणाऱ्या लालीची.
पडद्यावर ठिपका, कणीएवढा.
पहिल्या तीन काचांत बेपत्ता,
चौथीत शंका,
पाचवीत आहे.

एकेकीचा वर्णपट घ्यायचा तर एकेक रात्र,
आणि दीर्घिका चाळीस लाख.
म्हणून शितावरून भात:
कुठल्या काचेत उजेड तुटला तेवढं पाहायचं,
अंतर लिहायचं,
शेजारी चुकीला जागा ठेवायची.

यास्ना थर्मासमधला चहा ओतते.
तिचा आजा, दोन एलेओदोरो,
एल्कीच्या खोऱ्यातून दर डिसेंबरला
शेळ्या घेऊन वर कॉर्डिलेरात जायचा.
त्याच्याकडे नकाशा नव्हता, रंग होते.
विटकरी डोंगर: दुपारपर्यंत.
जांभळा: दोन मुक्काम.
निळा: तिथलं पाणी हिशेबात धरू नये.

"तुमचं उलटंच," ती म्हणते,
"आमचं लांबचं ते निळं."
खरंय. दुरून साजरं दिसायचं
यांना कुणी शिकवलंच नाही.
वाटेत अवकाशच ताणत जातं
आणि उजेड लाल होऊन पोचतो,
उन्हातान्हातून आलेल्या पाहुण्यासारखा.
आमच्या भाषेत ताम्रसृती म्हणतात, मी सांगतो,
तांब्याकडे सरकणं.
"तांब्याकडे? म्हणजे चिलीकडेच की!"
ती इतकी हसते की चहा सांडतो.

मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.

"एका वर्षी हवेत फार धूळ होती," ती म्हणते.
"जवळचा डोंगर निळा दिसला.
आजा मागे वळला.
झरा त्याच डोंगराच्या पायथ्याशी होता.
अकरा शेळ्या."

मी पडद्याकडे बघतो.
आलेखाला दोन शिखरं आहेत:
एक साडेबारा अब्ज वर्षांवर,
दुसरं, बुटकं, साडेसहावर.
दूरची असेल,
नाहीतर अलीकडचीच, धुळीने माखलेली.
संगणक उंच शिखर उचलतो.
मी दोन्ही आकडे लिहितो,
आणि समासात, कुणी विचारणार नाही अशा बारीक अक्षरात,
अकरा.

उजाडताना आम्ही घुमट मिटतो.
खाली खोऱ्यात धुकं,
समोरचा डोंगर निळा.
यास्ना डोळे बारीक करून त्याच्याकडे पाहते.
"पाऊण तास," म्हणते,
आणि गाडीची किल्ली शोधू लागते.