पाठ भलत्या बाजूला

जरीपटक्याहून बसनं आली ती.
गोधडीच्या तुकड्यात गुंडाळलेल्या चार वह्या.
'शिलाई हातानं घालाल ना?
मशीन पानांना सोसत नाही.'
मे महिना, महालातलं माझं दुकान,
कूलरमधलं पाणी संपलेलं.
म्हटलं, मावशी, हे दाभण माझ्या वडिलांचं.

नाव कौरां. गाव थरपारकरात, वाळूत.
एकाहत्तरच्या थंडीत अर्ध्या रात्री उठून निघाले,
चुलीवर दूध होतं.
'उतू गेलं, की कुणी पिऊन गेलं,
एवढंच लिहिते मी.
पन्नास वर्षं झाली.'
लढाई हा शब्द चारही वह्यांत नाही म्हणाली.

बाडमेरच्या छावणीत आईनं रिल्ली शिवली:
रेतीच्या पोत्याचं अस्तर,
कुण्या शिपायाचा खिसा,
दिवे झाकायचं काळं कापड.
त्या काळ्या चौकोनावर तिनं बोट ठेवलं,
सातबाऱ्यावर ठेवतात तसं.
आता चिंध्या गांधीबागेतून, किलोनं.
रात्री लिहिते. लाइट गेली की शिवते,
बोटांना दिसतं म्हणे.

मी आठ दिवस लावले.
कडक पुठ्ठा, पाठीला लाल कापड.
तिनं पुस्तक हातात घेतलं अन् थांबली.
सिंधी उजवीकडून सुरू होते,
हे मला कुणी सांगायचं?
तिचा शेवट आधी उघडत होता.

घाम फुटला. म्हटलं, पैसे नको.
ती बोलली नाही.
पायरीवर बसून एकेक टाका उसवत गेली,
दोरा कुठं तुटू दिला नाही,
करंगळीला गुंडाळला.
तर्रीपोहेवाल्यानं पाणी दिलं, ते तसंच राहिलं.
संध्याकाळी पानांचा गठ्ठा माझ्यापुढं फिरवून ठेवला:
'आता इकडून.'

वाचणारे किती, मी विचारलं.
दोन उल्हासनगरला, एक आदिपूरला,
एक पोळ्याच्या दिवशी वारला,
पुढची बोटं तिनं उघडलीच नाहीत.
मला त्यातलं एक अक्षर येत नाही.
तिसऱ्या वहीत एका पानावर शाई फुटली आहे,
तिथं दूध असेल असं मी धरून चाललो
आणि तो टाका जरा सैल ठेवला.

पैसे तिनं पूर्ण दिले.

दिवाळीनंतर तिच्याकडे गेलो
तर खाटेवर नवी रिल्ली, अर्धीच झालेली.
काळा चौकोन जुनीतून काढून इथं लावलेला,
भोवती माझा दोरा.
खळीनं कडक झालेला,
म्हणून ओळखू आला.