एक चूक

अल्निफच्या रस्त्यावर, टायरवाल्याला लागून,
पत्र्याखाली बसते इत्तो.
नाकातोंडावर फडकं, तरी खोकते.
हातात दातांच्या डॉक्टरची टाकून दिलेली सुई,
कॉम्प्रेसर धापा टाकतो तशी थरथरणारी.
मांडीवर दगड.
दगडात ट्रायलोबाइट,
चाळीस कोटी वर्षं अंग चोरून.

मी आले होते खोटं पकडायला.
संग्रहालयाने दिलेली पिशवी: अतिनील दिवा,
ॲसिटोनची बाटली, नोंदवही.
तोरा माझा मी आणलेला.

तिने दोन ठेवले पुढ्यात.
"एक समुद्राचा. एक माझ्या भावाचा."

भाऊ हद्दू.
गाडीचे पोचे बुजवायची लांबी घेतो,
त्याच डोंगराची भुकटी तिच्यात कालवतो,
आणि घडवतो काटे, शेपटी, बरगड्या,
गिऱ्हाइकाला हवं तसं सगळं शाबूत.

मी दिवा काढला. तिने मनगट धरलं.
"आधी डोळे मोज."

मोजले.
पहिल्याच्या डोळ्यात भिंगं ओळीने,
सहा, सहा, सहा, कुणी दोरी धरून लावल्यागत.
दुसऱ्याच्या चौथ्या ओळीत एक कमी,
पाचवीत एक दोघांमध्ये घुसलेलं,
भरल्या बाकावर तिसरं पोर घुसावं तसं.

"हा समुद्राचा," मी म्हणाले. दुसऱ्यावर बोट.
जिवंत वस्तू चुकते, एवढं मला शिकवलं होतं.

इत्तोने सुई बंद केली.
"मीच सांगायचे त्याला, एक तरी चूक कर.
तो म्हणायचा, ठरवून कशी चुकू?
गेल्या हिवाळ्यात जमलं."

दिवा लावला.
चौथी ओळ, पाचवी ओळ,
फिकट निळी उजळली लांबी.
पहिला मात्र अंधारात अंधारच राहिला,
आपल्या सरळ ओळी घेऊन.

मग तिने तो माझ्या तळव्यावर ठेवला.
मला ठाऊक होतं, पुस्तकात वाचलेलं,
पण ठाऊक असणं इतकं जड नसतं:
याचे डोळे जिवंतपणीच दगडाचे.
गाळातून चालताना, कात टाकताना,
स्फटिकातून बघायचा हा.
बाकीचं अंग मागाहून दगड झालं,
डोळ्यांना येऊन मिळालं.

नोंदवहीत दोन ओळी लिहिल्या.
पहिलीत, शोधला: इत्तो.
दुसरीत, पेन जरा थांबलं, मग
घडवला: हद्दू.

निघताना चष्मा पुसला.
बोटाला पांढरी भुकटी लागली,
समुद्राची की भावाची.
दिवा पिशवीतच होता.
राहू दिला.