मागची दांडी

जांबोटी सोडली की रस्ता
शाळा सुटल्यासारखा वाटेल तिथं वळतो.
माझी गाडी लहान, अठ्ठ्याण्णव सालची.
वळणावर नाक बाहेर काढते,
अंग एका कुशीवर टाकते,
आणि मागच्या सीटवरचा डबा
दारावर आपटून सांगतो : बाई, जरा दमानं.

कणकुंबीला गणित शिकवते मी.
जाऊन येऊन नव्वद किलोमीटर,
म्हणजे वर्षाकाठी किती वळणं
हे एकदा सातवीला विचारलं होतं.
उत्तर आलं : तुम्ही दांडी मारली की कमी.

भाचा ओजस म्हणाला, मागं दांडी बसव.
पुढं आहे, मागं कंपनीनं दिलीच नाही.
बसवायची तर बावीसची बसव, आत्या,
गाडी रुळावरून गेल्यासारखी जाईल.
त्याचं वय एकोणीस.
त्याला सगळंच रुळावरून हवं असतं.

उद्यमबागेत फाउंड्रीच्या मागं
चन्नमल्लप्पाची पत्र्याची शेड.
भिंतीवर तीन दांड्या टांगलेल्या,
सोळा, एकोणीस, बावीस,
दोन्ही टोकं वाकवलेल्या, तेलानं काळ्या,
आत अजून एकही पद न लिहिलेल्या
मोठ्या कंसांसारख्या.

हेस्कॉमच्या बिलामागं मी आकडे मांडले.
लांबी तीच, पोलाद तेच,
तर पीळ सोसायची ताकद
जाडीच्या चौथ्या घाताबरोबर वाढते.
सोळाचे पासष्ट हजार आणि वर काही,
एकोणीसचे एक लाख तीस हजार.
तीन मिलिमीटरला दुप्पट!
बावीसला साडेतीनपट.
पेन्सिल थांबली.
माणसाचा हट्टही असाच वाढत असणार,
बाहेरून जरासा जाड दिसतो फक्त.

चन्नमल्लप्पानं बिल उलटं धरून पाहिलं,
कन्नड बाजू वाचली, म्हणाला,
ह्या महिन्यात लई आलंय की ओ तुमचं.
मग गाडीखाली गेला.
खालून आवाज आला :
रेस लावूलाय काय बाई?
नाही.
पोरं बसतात काय मागं?
कधी दोन, कधी चार. पाय ओले.
रस्ता?
तोच ओ. आधीच खड्डे, वर शेवाळ.

बाहेर येऊन त्यानं बावीसची दांडी
माझ्या हातात दिली. जड होती.
हे असं बघा, म्हणाला,
डावं चाक खड्ड्यात गेलं
की हे उजव्याला वडणार.
जाड घातलासा तर लई वडणार,
आतलं चाक हवेत, मागचं बूड रस्ता सोडून
तुमच्या पुढं कणकुंबीला पोचणार.
हसला. दात पानानं लाल.
मग सोळाची काढली,
फडक्यानं पुसली, म्हणाला, साकु.

साकु. पुरे.
आमच्या घरी हा शब्द
फक्त वाढताना वापरतात, पानावर आडवा हात धरून.

एका चाकाचं दुखणं
दुसऱ्या चाकाला किती कळवायचं,
एवढाच प्रश्न होता सगळा.
अजिबात नाही, तर गाडी लोळते.
सगळंच, तर दोघंही खड्ड्यात.
याचं उत्तर सोळा येईल
असं मला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं.

त्यानं आधी जुने बुश बदलायला लावले,
टायरमधली हवा बघितली, डोकं हलवलं.
ह्यानंच अर्धं काम होणार हुतं, म्हणाला,
पण आलाय तर घालूया.

सोमवारी उशीर झाला.
हेडमास्तरांनी घड्याळाकडं बघत विचारलं,
काय बाई, दांडी?
म्हटलं, मारली नाही सर, बसवली.
त्यांना कळलं नाही. हजेरीपुस्तक पुढं सरकवलं.

ओजस रुसला आहे.
सोळा म्हणजे काय, म्हणतो,
कळणार तरी आहे का काही?

कळतं. जांबोटीच्या पुढं
तिसऱ्या वळणावर, जिथं मी रोज
श्वास धरून स्टेअरिंग जास्तच फिरवायची,
तिथं आज हात आपोआप थोडा कमी फिरला.
डबा सरकला. नाही असं नाही.
अर्ध्या सीटवर येऊन थांबला,
जसं कुणी उठायला निघालं
आणि विचार बदलला.

डावीकडचा क्लॅम्प तेवढा वाजतोय.
शनिवारी परत जायला हवं.