चुना

एकतीस वर्षं टोबायस पेनहॅलो
लंडनमधल्या काचेच्या एका इमारतीत, अठराव्या मजल्यावर,
उद्याची किंमत आज ठरवत बसला.
पैसा त्याच्या हाताला कधी लागला नाही,
लागले ते आकडे, हिरवे नि लाल,
आणि उजव्या डोळ्याखाली एक बारीक फडफड.
निरोपाला सहकाऱ्यांनी पेन दिलं.
तसलं त्याच्याकडे होतंच.

मग कॉर्नवॉल, आईचं माहेर.
कथलाच्या बंद खाणींचा किनारा,
समुद्राकडे तोंड करून उभी इंजिनघरांची धुराडी.
तिथल्या वारसा न्यासाला अध्यक्ष हवा होता.
पत्रात लिहिलं होतं, दूरदृष्टी.
म्हणायचं होतं, ओळखी.

पहिल्याच बैठकीत त्याने विचारलं,
या प्रार्थनाघराचं छप्पर केलं
तर परतावा किती वर्षांत?
कुणी हसलं नाही.
केरेन्झा गवंडीण हात पुसत म्हणाली,
"चारशे. नीट केलं तर."

तिनेच त्याला भिंत वाचायला शिकवली.
सिमेंटने दगडाचं तोंड दाबलं जातं,
ओल आत राहते,
बाहेरून दहा वर्षं सगळं झकास.
चुना श्वास घेतो.
आणि भिंतीवर मीठ फुललं, पांढरं, केसासारखं,
तर घाबरायचं नाही. ते आतलं आहे. येऊ द्यायचं.
ब्रशने झाडायचं. पुन्हा येईल. पुन्हा झाडायचं.
टोबायसला काही ताळेबंद आठवले.
कुठल्या कंपन्यांचे, ते तो बोलला नाही.

माझ्या भाषेत चुना लावणं म्हणजे फसवणं.
हे त्याला सांगायला तिथे कुणी नव्हतं.
तो आधी हसला असता,
मग रात्री उशिरापर्यंत जागा राहिला असता.

चौसष्टाव्या वर्षी पुन्हा लंडन:
मंत्र्यांच्या वर्तणुकीचा सल्लागार.
एक खोली, एक चिटणीस, भेटींची एक नोंदवही.
मनगटी घड्याळ, किंमत "अंदाजे".
घोड्यांच्या शर्यतीची दोन तिकिटं, जेवणासह.
धुरावलेला एक अख्खा सामन मासा.
स्कॉटलंडला चार दिवस मुक्काम,
पुढे कुणीतरी शाईने जोडलेलं: पाऊस फार होता.

आणि जे वहीत नव्हतं ते:
मंत्री ऑर्मरॉड, समुद्रकाठचा बंगला, तीन आठवडे,
बंगल्याच्या मालकाला ऑगस्टात मिळालेला ठेका.

ऑर्मरॉड.
ज्याने छपराच्या पैशाचा पहिला हप्ता मंजूर केला.
ज्याच्या नावाची पितळी पाटी
टोबायसने स्वतः, टाळ्यांत, उघडली होती.
खाल्ल्या मिठाला जागावं, म्हणतात.
रात्रभर तो कागदावर हात ठेवून बसला.
कुठल्या मिठाला?

सकाळी त्याने एकच पान लिहिलं, स्वतःविरुद्ध:
या गृहस्थांचे माझ्या न्यासावर उपकार आहेत.
पाटी मी उघडली. त्या दिवशी आम्ही एकत्र जेवलो.
बदक होतं.
प्रकरण दुसऱ्या कुणाकडे द्यावं.

ते गेलं बेट्रिस अडेयेमी नावाच्या निवृत्त न्यायाधीशीणबाईंकडे.
त्यांनी अकरा दिवसांत निकाल दिला,
ऑर्मरॉड बाराव्या दिवशी गेला.
दुसरा हप्ता कधी आलाच नाही.
गावातल्या दुकानात दोघांनी टोबायसकडे पाठ फिरवली.
एक जण म्हणाला, तुमची लाज तुम्ही राखलीत,
पाणी आमच्या डोक्यावर गळतंय.
यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

शनिवारी तो गाडीने येतो,
निळ्या ताडपत्रीखाली बादल्या धरतो.
वाऱ्यात ताडपत्री इतकी फडफडते
की केरेन्झाला ओरडून सांगावं लागतं:
पातळ झालाय, अजून चाळ.

मागच्या आठवड्यात तिने त्याला
घरच्या पोळ्यातला मध दिला.
सोमवारी वहीत नोंद आली, त्याच्याच अक्षरात:
मधाची एक बरणी. साडेचार पौंड.
देणारी: गवंडीण.
शेरा:
अर्धी संपली.