हजारावर एक

बुरेलाच्या मासळी-लिलावघरात रात्रीचे दोन दहा.
साबेलासमोर काळा पडदा, त्यावर ओळ:
अमुक फाइल सापडत नाही.
ती तमुकला हवी आहे, आणि तमुकवाचून
अमुक शोधायलाही कोणी उरलेलं नाही.

तिला एकच गोष्ट नवी हवी होती.
पेट्यांवरची लेबलं छापणारा प्रोग्राम,
नव्या नियमाचा चौकोनी शिक्का काढणारा.
स्थिर भांडारात तो नव्हता. अस्थिरमध्ये होता.
तिनं यादीत एक ओळ वाढवली.
नवरदेव म्हणून ज्याला बोलावलं
तो वऱ्हाड घेऊन आला, तीनशे बारा जण,
आणि त्यांतल्या कुणी तरी
घराच्या पायातले दगडच बदलले.
‘पुढे जायचं का?’ मशीननं विचारलं होतं.
तिनं न वाचता हो म्हटलं.
तिथं सगळेच हो म्हणतात.

‘पुसून टाक, नवं घाल,’ उशीओ म्हणतो,
बर्फाच्या फावड्यावर हनुवटी टेकून.
पण वजनकाट्याशी बोलणारा प्रोग्राम
लोइसनं लिहिलाय, याच डिस्कवर बसवलाय,
कसा बसवला ते कुठंच नोंदवलेलं नाही,
आणि लोइसला विचारायचं
तर टेकडीवरच्या दफनभूमीत जायला हवं.

मग खिशातला पेनड्राइव्ह.
त्यावरची छोटी, धडधाकट सिस्टीम उठते,
आणि साबेला आपल्याच घरात
चोरासारखी खिडकीतून शिरते.
मागे येणं या यंत्राच्या स्वभावात नाही.
जुन्याला नऊशे नव्वद गुण द्या,
ते हातातलं नवं सोडत नाही.
हजाराच्या वर जावं लागतं.
ती लिहिते: एक हजार एक.
आहेराच्या पाकिटात वरचा रुपया घालतात ना,
तसा तो एक.
तेवढ्यासाठी ते पायरी उतरायला राजी होतं.

एक्केचाळीसवरून छत्तीसवर पाया.
मग भिंती. मग एका फाइलवर
दोन पॅकेजेसचा दावा, सामाईक बांधासारखा;
तिथं जबरदस्ती.
कॉफी गार. पुन्हा तीच आज्ञा. पुन्हा.
शेवटी सात पॅकेजेस उरतात,
ना इकडची ना तिकडची.
सहा ती काढते.
सातव्याचं काम काय ते कळत नाही.
असू दे.

पाच चाळीस. धक्क्याशी पहिल्या बोटीचे दिवे.
काटा जागा होतो, आणि त्याच्या चिमुकल्या पडद्यावर
लोइसची जुनी खोडी:
उठलोय, ओरडू नका.
उशीओ फावडं ठेवतो, काही बोलत नाही,
आपला थर्मास काट्यावर ठेवतो.
आठशे चाळीस ग्रॅम.

चौकोनी शिक्का अर्थातच नाही.
साबेला ड्रॉवरमधून जाड मार्कर काढते
आणि पहिल्या पेटीवर हातानं लिहू लागते:
हेक, चौदा किलो,
बोटीचं नाव, आजची तारीख.
तारीख लिहिताना थांबते,
उशीओला विचारते, आज कितवी?