माध्यम : ऊब

नियम असा, की शहर जे काही बांधेल
त्यातल्या शंभरातला एक युरो कलेचा.
शाळा असो, पूल असो,
नाहीतर कोत्का बंदरामागचं हे
सांडपाण्याचं पंपघर.

नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर
पंपघर नसावं.

फाइल माझ्या टेबलावर आली ऑक्टोबरात.
तेवीस अर्ज. एकवीस जणांना भिंतीवर मासे हवे होते,
एकाला देवमासा; तो मासा नव्हे,
असं त्यानं तळटीपेत बजावलं होतं.
आणि एक अर्ज पेन्सिलीनं लिहिलेला : आउने हिएताला,
वय एकसष्ट, कागद गिरणीत सत्तावीस वर्षं वेल्डर,
गिरणीला कुलूप लागल्यावर शिल्पकार.
‘कलाकृतीचं माध्यम’ या रकान्यात
तिनं लिहिलं होतं : ऊब.

मी फोन केला. म्हटलं, बाई, दगड लिहा, पोलाद लिहा,
ऊब आमच्या यादीत नाही.
म्हणाली, मग यादी वाढवा.

तिचं म्हणणं साधं होतं.
अख्खं गाव रोज अंघोळ करतं, भांडी विसळतं,
सौनातून लालबुंद निघून अंगावर पाणी घेतं,
आणि ते सगळं कोमट पाणी
तुमच्या पंपघरातून मुकाट निघून जातं.
जाऊ दे. त्यातली ऊब तेवढी काढून घ्या,
आणि समुद्राकडे तोंड केलेल्या
एका दगडी बाकात सोडा.
नऊ मीटर. बस्स.

सभेत घोडं अडलं ते या ‘बस्स’पाशी.
नकाशा सातही जणांनी फिरवून फिरवून पाहिला.
कला कुठाय, एकानं विचारलं, टेबलाखाली पडली का?
रस्ते समितीचे वेइयो रौतामा म्हणाले,
आधी खड्डे बुजवा. बसायला लोकांच्या घरी खुर्च्या आहेत.
त्यात खोटं काही नव्हतं.
खड्डे होते. खुर्च्याही होत्या.
मी इतिवृत्त लिहीत होते,
आणि इतिवृत्तात ‘आउने हसली’ असं लिहायची सोय नसते.
चार विरुद्ध तीन. चौथा हात
सगळ्यांत उशिरा वर आला, तोही कोपरापर्यंतच.

उद्घाटनाला बर्फाळ पाऊस.
नगराध्यक्षांच्या भाषणाची दोन पानं भिजून चिकटली,
मधलं पान गळलं, कुणाला कळलं नाही.
वर्तमानपत्रात मथळा : ‘गटाराचं सिंहासन’.
आउनेनं तो कापून फ्रिजवर लावला.

मग जानेवारी. उणे बावीस.
बस चुकली म्हणून बंदरावरून चालत निघाले.
सगळं पांढरं, नांगर, दोरखंड, उलटी घातलेली होडी,
आणि त्यात नऊ मीटरची एक काळी रेघ,
कुणी पुसायची विसरल्यासारखी.
रेघेवर माणसं.
रात्रपाळी संपवून आलेल्या दोन नर्सा, बूट काढून, पाय वर घेऊन.
एक सोमाली मुलगा, मांडीवर गणिताची वही.
कुणाचं तरी मांजर.
आणि टोकाला, टोपी भुवयांपर्यंत ओढून,
वेइयो रौतामा.

मी मान हलवली. त्यांनी समुद्र पाहिला.
बऱ्याच वेळानं म्हणाले,
याला दरवर्षी दुरुस्ती लागणार. पैसे धरलेत?
धरले नव्हते.
नियमात बांधायचा टक्का आहे, टिकवायचा नाही.

मी बसले. दगडातून वर आली
कुणाच्या कालच्या भांड्यांची, कुणाच्या तान्ह्याच्या अंघोळीची,
थोडी माझ्या घरचीही असणार.
रौतामांनी सरकून जागा दिली,
जागा पुष्कळ होती तरी.

ऑफिसात पोचल्यावर ‘रस्ते, किरकोळ’ या शीर्षाखाली
मी एक ओळ घुसवली :
बाक, नऊ मीटर, देखभाल.
सही रौतामांची लागते.

कागद आठ दिवस त्यांच्याकडे होता.
परत आला तेव्हा सही नव्हती.
त्या ओळीपुढे पेन्सिलीनं लिहिलं होतं :
पाठ टेकायला काही नाही.
विचारा तिला, जमतं का.