सतरा नंबर

कुटैसीत, दातांच्या दवाखान्याच्या मागल्या खोलीत,
जिथे पूर्वी कोळसा ठेवायचे, तिथे हा बसलाय.
बाटुमीचा एक कसिनो बुडाला, त्याच्या लिलावातून
मालखाज डॉक्टरांनी उचललेला सर्व्हर: चारशे लारी
आणि वर चीजचा एक अख्खा गोळा.
अंगावर अजून चिठ्ठी आहे. टेबल चार, कॅमेरा.

चालू केला की पंखे असे ओरडतात
की खुर्चीतला पेशंट ड्रिल विसरून विचारतो, ते काय?
मी म्हणते, स्वस्तातली वस्तू.

पहिल्यांदा सदतीस टक्क्यांवर थांबला.
मग एकसष्टवर.
मग बारावर, आणि पडद्यावर चूक नाही, खूण नाही,
नुसता कर्सर, लुकलुकत,
अर्ध्या वाटेत निरोप विसरलेल्या पोरासारखा.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बावीस वर्षं काढली मी.
तिथे शिकले ते एवढंच:
एकाच जागी तुटत असेल तर तार तपास,
रोज नव्या जागी तुटत असेल तर तारेला बोल लावू नकोस.
म्हणून पेनड्राइव्ह बाजूला ठेवला
(तीनदा बदलून झाला होता, बिचारा)
आणि मेमरीची चाचणी लावून घरी गेले.
सकाळी पडदाभर लाल.
आठ पट्ट्या. एकेक काढ, पुसून बघ, परत लाव.
दुपारी कळलं, पाचवी खोटं बोलते.
खोटं म्हणजे, शून्य ठेवायला दिलं तर एक परत देते,
तेही क्वचित, तेही तापल्यावर.
डॉक्टर डोकावले, "मुळापासून काढायची?"
"जोडीदारासकट," मी म्हटलं. "यांचं जोडीनंच बसतं."

सहा पट्ट्यांवर उठला. तर आता डिस्क दिसेनात.
चारही हिरवे दिवे लावून समोर,
आणि इन्स्टॉलर विचारतो, कुठे आहेत?
कंट्रोलरच्या तळघरात उतरले. तिथे एक ओळ:
परकी रचना सापडली. घ्यायची की पुसायची?

परकी. म्हणजे आधीच्या घरची.
टेबल चारवरचे हात असतील तिच्यात,
बोटातली अंगठी उतरवणारे,
पत्ता बाहीत सरकवणारे,
आणि एखादा नुसताच गार बिअरचा ग्लास धरून बसलेला.
बघायचं का? कोण विचारणार होतं?
एक्स्चेंजमध्येही कान मधे घालता यायचा.
घातलाही होता, एकदा, आणि मग आठवडाभर
त्या बाईच्या रडण्यानं माझी झोप गेली होती.
पुसा.

तरीही अडला. म्हणे, सही अजून वैध नाही.
अजून?
घड्याळ उघडलं: एक जानेवारी दोन हजार नऊ.
आतली बॅटरी कधीच मेलेली. दर वेळी वीज गेली
की हा त्याच सकाळी जागा होतो,
आणि नंतरच्या जगानं केलेली कुठलीही सही
त्याला भविष्यातली वाटते. बरोबरच आहे त्याचं.
त्या जानेवारीत मीही कानाला हेडफोन लावून होते.
एक्स्चेंजला कुलूप लागायला तीन महिने होते.
आम्हाला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

बॅटरी मिळाली ननुलीच्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यात,
आमच्या रिसेप्शनच्या ननुलीच्या. नाण्याएवढी.
"उद्याचा केक अंदाजानं," ती म्हणाली.
मी तारीख घातली. वर्ष, महिना, दिवस.
मिनिटं घालताना भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं,
तेही चार मिनिटं पुढे असतं.

सदतीस. मी बघितलं नाही.
एकसष्ट. मी पेशंटच्या खुर्चीत आडवी, तोंड उघडं,
ननुली म्हणते घोरत होते.
उठले तेव्हा पंखे कुजबुजीवर आलेले
आणि पडद्यावर एकच प्रश्न, या मशीनचं नाव?

डॉक्टरांना हवं होतं दवाखान्याचं नाव.
पण बोटांनी बावीस वर्षं जे म्हटलं तेच लिहिलं,
नाव नसलेल्या बायकांच्या रांगेतली माझी जागा:
सतरा.

ऐकतेय, बोला.